गार इंजिनाची खडखड

सांगलीत इंजिनाचे सिलिंडर आतून घासून देणाऱ्या बोअरिंगच्या दुकानात अपूर्वा स्कूटरच्या सिलिंडरसाठी थांबली होती. शेजारच्या बाकावर आष्ट्याचे हंबीरराव मोटरसायकलचे दोन नवे पिस्टन मांडीवर घेऊन मधू मिस्त्रीशी बोलत होते. तिनं मोबाइलात डोकं घातलं, पण कान तिकडंच लागले.

"ह्यातला बरा कुठला, मधू?"

"ह्यो फोर्जचा, ठोकून घडवल्याला, ताकदीला लय भारी. तुमच्या शिवतेजनं त्योच बसवला हुता. पण तापला की त्यो जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरच्या बोरमधी जागा जादा ठेवायला लागती. मग गार इंजिन खडखडतं."

"आन ह्यो ओतीव?"

"कमी फुगतो, आवाज न्हाई. संयोगिता काय शर्यतीत पळवणार न्हाई. ह्योच बसवू."

"भावाची गाडी हुती तशीच पायजे म्हणती."

"मग जागा मी सांगतो तेवढीच ठेवायची. शिवतेजनं ऐकलं न्हाई, बाहेरनं बोर घट्ट करून आणला. घाटात पिस्टन जाम झाला, मागचं चाक अडाकलं आन पोरगं हातचं गेलं."

"व्हय."

"एवढा जाणता. त्या आवाजाचं त्याला काय वावडं हुतं, मला अजून कळलं न्हाई, तात्या."

"त्याला न्हवतं. त्याची आई कुरकुरायची, पाटंचं सगळी आळी उठवतोस म्हणून."

अपूर्वाचं बोट मोबाइलवर थांबलं.

"काकींना म्हाईत हाय?"

"इंजिनातलं तेल संपलं हुतं, आसं सांगितलंय."

"मग कुठला बसवू?"

"ओतीव. गाडी परत खडखडली तर त्याची आई इचारंल, मधी खडखड बंद कशी झाली हुती म्हणून."