सामाईक चेंबर

(घरामागचं अंगण. गटाराच्या चेंबरचं झाकण उघडं. थोरल्याच्या हातात लांब सळई, धाकट्याच्या नाकाला रुमाल. दोघांच्या मधे खुर्ची, खुर्चीत आई.)

थोरला : ...आणि आई, त्या नगरसेवकांना सांग, रुमाल धरून उभं राहायचं तर वरच्या मजल्यावर राहा. इथे माझा उजेड अडतोय.

धाकटा : आई, त्याला सांग, अर्ध्या तासात सभा आहे. घरगुती मलनिःसारण शुल्कवाढीचा ठराव मीच मांडतोय. तू चेंबर भरलं म्हणालीस, म्हणून आलो.

आई : ऐकलं त्याने. बहिरा नाही तो.

थोरला : वाटणी झाल्यापासून ह्या गृहस्थाचं मी काहीही ऐकत नाही.

आई : बरं. तो म्हणतोय, उशीर होतोय.

थोरला : होऊ दे. शहरावर उपकार होतील. शुल्क दुप्पट, आणि कशाचं, तर माणूस रोज सकाळी उठून जे बिनबोभाट करत आला त्याचं.

धाकटा : आई, विचार त्याला, ते पुढे जातं कुठे? पाइप त्याच्या आजोबांच्या...

आई : तुझेही आजोबाच होते ते.

धाकटा : ...आजोबांच्या वेळचे आहेत. आज मी भर सभेत सांगणार आहे, महोदय, लांब कशाला, माझ्याच घरचं चेंबर सारखं तुंबतं. लोकप्रतिनिधीची ही गत, तर सामान्य नागरिकाने जायचं कुठे? मागच्या सभेत ह्या वाक्यावर बाकं वाजली होती.

थोरला : पाइप ठणठणीत आहेत म्हणावं. वरच्या मजल्यावर कागदी रुमालांची हौस आहे, ती आवरा.

धाकटा : माझ्या बायकोचं नाव काढायचं काम नाही.

थोरला : आई, मी नाव काढलं?

आई : मजल्याचं काढलं.

थोरला : आमच्या शुल्कवाढविरोधी समितीच्या फलकावर मी उगाच नाही लिहिलं, 'गटार नाही, नियत तुंबली आहे.'

धाकटा : फलक माझ्या जिन्याखाली लावलाय, तेही सांग.

थोरला : जिना सामाईक आहे.

धाकटा : जिना मला आलाय. सामाईक फक्त चेंबर.

थोरला : बरोबर. भांड्यांचे दोन वाटे झाले. बाबांचं भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडे, त्याची किल्ली ह्याच्याकडे. घाण तेवढी एकत्र राहिली.

आई : हळू घाल रे सळई. फार आत नको.

थोरला : लागलं काहीतरी. मऊ आहे. कागदी रुमालच, दुसरं काय. आज हे सभागृहाच्या दारात टांगतो.

आई : राहू दे. वाहून जाईल आपोआप.

थोरला : सोडतोय होय... हे कापड आहे.

धाकटा : वर दोरी बांधलीय.

थोरला : आणि गाठ मारलीय.

धाकटा : दादा.

थोरला : काय?

धाकटा : निळ्या चौकड्या. बाबांचा शर्ट.

थोरला : शर्ट नाही. एक बाही.

धाकटा : बाबांचे कपडे खाली असतात. म्हणजे हे तुझं काम. मला बदनाम करायला.

थोरला : तुंबलं की माझ्या मोरीत उलटं येतं, तुझ्या नाही. अक्कल गहाण ठेवलीस का? आणि ते कपाट आईच्या खोलीत आहे.

धाकटा : आई?

आई : दोरी मुद्दाम बांधली होती. आत जाऊन अडकू नये म्हणून.

थोरला : दर वेळी तूच?

आई : आधी उशीचे अभ्रे घालायची. ते टिकत नाहीत.

धाकटा : अगं, पण कशासाठी?

आई : गुडघा धरला म्हणून निरोप धाडला, तर तू ड्रायव्हरच्या हाती मलम पाठवलंस. चेंबर म्हटलं की स्वतः उतरतोस. हाही वर्तमानपत्र टाकून बाहेर येतो.

धाकटा : आई, अख्ख्या शहराचा ठराव मी ह्या चेंबरवर उभा केलाय.

थोरला : मग मांड की. महोदय, पाइपात आमचे वडील अडकलेत.

धाकटा : आणि तुझा फलक? नियत तुंबली म्हणे. कोणाची, आईची?

थोरला : आईचं नाव घेशील तर याद राख.

धाकटा : मग तूही तोंड उघडायचं नाही. ठराव तर मी मंजूर करून घेणारच. त्यात प्रत्येक मजल्याला वेगळी जोडणी आहे, वेगळं चेंबर आहे. तुझं तोंड बघायला नको पुन्हा.

थोरला : असं कलम आहे त्यात?

धाकटा : आहे.

थोरला : आधी नाही का सांगायचं? समितीचा पाठिंबा.

धाकटा : मग सभेत येऊन सांग तसं. गाडी बाहेर आहे. पण पुढे ड्रायव्हरजवळ बसायचं, माझ्या शेजारी नाही.

थोरला : मीच बसणार नव्हतो. आई, झाकण आल्यावर लावतो. ती बाही टाकून दे.

आई : थांब रे. म्हणजे आता दोघांची दोन चेंबरं होणार?

धाकटा : हो, आई. सुटलीस तू.

आई : बरं. दुसरी बाही आहे कपाटात.