मॅचच्या दिवशीचे गुडघे

क्रिकेटच्या कसोटीच्या पहिल्या सकाळी, धंतोलीच्या दवाखान्यात, मी नंबर लावून बसलो होतो आणि उमरेडचे नत्थूजी बायकोला घेऊन माझ्या शेजारी बसले होते. समोर कंपाउंडर पेशंटांची नावं लिहून घेत होता.

"कंपाउंडरभाऊ, आज एवढी गर्दी काहून गा?"

"इथं शहरात मॅच आहे न नत्थूजी. साऱ्या विदर्भाचे गुडघे आजच दुखून राहिले. लॉजवाले, रिक्षावाले, आम्ही, साऱ्यांचंच भलं झालं."

"आमच्या अनुसयाचे खरंच दुखतात. दहाच्या आत होईन न?"

"डॉक्टरसाहेबच मॅच पाहाले गेले. संध्याकाळी येतीन."

"असं? मंग मी मैदानावर जाऊन त्याईले विचारून येतो. तू बस वं इथंच."

"बिनातिकिटाचं आत सोडतीन का तुमाले?" बायकोनं विचारलं.

"पाहू न काहीतरी."

"टोपीत लपवलेलं तिकीट कालच पाह्यलं मी. द्या इकडं. गुडघे माह्ये आहेत, डॉक्टरले मीच भेटीन."