बाहुलीच्या पडताळणीत आलेले निनावी पत्र

जबाब

मी, मास्तर या नावाने सर्वत्र ओळखला जाणारा, वय ६८ वर्षे, धंदा कृत्रिम डोळे बनवणे, राहणार नेत्र रुग्णालयामागची गल्ली, दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व पत्नी असे दोघेच राहतो. पुढच्या खोलीत माझे काम चालते. कोणाचा डोळा अपघाताने वा आजाराने गेला, तर उरलेल्या डोळ्याशी जुळणारा डोळा मी हाताने घडवून रंगवून देतो. सदर काम एकेचाळीस वर्षे करत आहे.

जिच्या चारित्र्य पडताळणीसाठी मला बोलावले, ती चौदा वर्षांपूर्वी माझ्याकडे कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात तिने बुबुळातली बाहुली अशी काही रंगवली की मी तिला बाहुलीच म्हणू लागलो. आता रुग्णालयातले डॉक्टरही तिला त्याच नावाने हाक मारतात.

असामान्य गुणवत्तेच्या व्हिसासाठी तिला परदेशातून बोलावणे आले आहे. हा व्हिसा नुसता मागून मिळत नाही. आधी आपली माहिती कळवायची, त्यांनी बोलावले तरच अर्ज करायचा. बोलावतानाही ते क्रम लावतात. जगातला सर्वोच्च मान मिळवलेले आधी, मग त्यांच्या सरकारी खात्याने शिफारस केलेले, मग आरोग्यासारख्या गरजेच्या क्षेत्रातले, आणि उरलेले सगळे शेवटी. बाहुली तिसऱ्या गटात बसली. मला हे ठाऊक आहे, कारण नऊ वर्षांपूर्वी मीही माहिती पाठवली होती. मी ती हस्तकलेत भरली. नवे म्हणून दाखवण्यासारखे काही नव्हते. शेवटच्या गटात पडलो, दोन वर्षांनी मुदत संपली.

बाहुलीच्या अर्जाला अकरा दिवस उरले आहेत व त्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो.

आज सकाळी दहा वाजता ठाण्यात पडताळणी करणाऱ्या साहेबांनी मला टपालाने आलेले निनावी पत्र दाखवले. मजकूर असा की, लहान बाळांच्या डोळ्यांचे जे काम बाहुली आपले म्हणून दाखवते ते मुळात मास्तरांचे असून तिने ते चोरले, सबब तिला दाखला देऊ नये. सदर मजकूर खोटा आहे.

तीन वर्षांखालचे मूल मी घेत नसे. बाळ हलते, माप घेता येत नाही. जन्मतः डोळा नसलेल्या दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन एक आई आली, तिला मी "तीन वर्षांनी या" म्हणालो. बाहुली तिच्या मागे जिना उतरून गेली व तिला परत वर घेऊन आली. बाळ दूध पिऊन झोपले असता तिने भूल न देता माप घेतले. दर काही आठवड्यांनी थोडा मोठा साचा बसवला, म्हणजे डोळ्याची खोबण वाढते व चेहरा एका बाजूने बसत नाही. ही रीत तिची आहे. ती मुलगी आता शाळेत जाते. त्याआधी मी किती मुले परत पाठवली, असे साहेबांनी विचारले. त्याची नोंद मी ठेवलेली नाही.

पत्रात सर्वत्र 'मास्तरांनी' असे आहे. शेवटून तिसऱ्या ओळीत मात्र 'ह्यांनी आयुष्य घालवलं' असे आहे. पत्र कोणाचे असावे, असे विचारले असता मी पाणी मागितले. साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली व म्हणाले, "मास्तर, घरी जेवून या. बाकीचं नंतर बघू."

घरी पत्नी ताट वाढून बसली होती. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "मीच लिहिलं. तुमच्या वेळेला दोन वर्षं रोज सकाळी मी मेल उघडून बघायचे. तुम्ही एकदा तरी बघितलंत?"

मी म्हणालो, "मला जायचंच नव्हतं. तू जायचं म्हणून हौसेनं कपाटं आवरायला काढलीस, म्हणून बोललो नाही."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? मलाही कुठे जायचं होतं!"

त्यानंतर आम्ही दोघे बराच वेळ हसलो. अन्न गार झाले होते, ते पुन्हा गरम करून जेवलो.

दुपारी तीन वाजता पत्नी माझ्यासोबत ठाण्यात आली व पत्र आपणच लिहिल्याचे तिने साहेबांना सांगितले. साहेबांनी तिला समज दिली. बाहुलीला फोन लावला असता ती म्हणाली, "माझी काही तक्रार नाही. काकूंना म्हणावं, संध्याकाळी येतेय, दार उघडायचं." पत्नीने डोळ्याला पदर लावला. बाहुलीला दाखला देण्यास माझी हरकत नाही, उलट तो लवकर मिळावा ही विनंती.

जबाब वाचून दाखवला जात असता पत्नी बाकावरून म्हणाली, "पांढऱ्यावर ते लाल दोरे चढवायला तिला कोणी शिकवलं, तेही लिहा की." म्हणून वाढवतो: रेशमाचा धागा उकलून डोळ्यातल्या शिरा बसवायला तिला मी शिकवले. त्यापुढचे सगळे तिचे आहे.

या वाढीव ओळीसह सर्व मजकूर जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच व तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करतो.