भांडं हलकेच फिरवल्यावर

बायकोच्या शेवटच्या आजारपणाचे कागद न्यायला हॉस्पिटलात गेलो होतो. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

"बोट हललं गं ह्यांचं. मी डोळ्यांनी बघितलं."

"वहिनी, नुसत्या हलण्याला अर्थ नाही म्हणाले ना डॉक्टर. मशीन काढायचं का, तेवढं आपण सांगायचंय."

"तू नको मला डॉक्टरकी शिकवूस. पाण्यातल्या पिसवा मारायची नोकरी तुझी."

"मारत नाही, विष किती ते तपासते. कारखान्याचं रसायन पाण्यात मिसळायचं, त्यात पिसवा सोडायच्या. दोन दिवसांनी भांडं हलकेच फिरवायचं. पंधरा सेकंदांत जी पोहली नाही, ती गेल्यात धरायची."

"मेलेली असते का पण?"

"कधीकधी नसते. मिशा हलतात. भिंगाखाली काळीज उडताना दिसतं."

"तरी गेल्यात धरतेस?"

"नियमच आहे तसा."

"सख्ख्या भावालाही तोच लाव."

"असं बोलू नका हो, वहिनी."

"बरं, अशा पिसवा परत चांगल्या पाण्यात सोडल्यास कधी?"

"एकदाच. माझ्या चहाच्या कपात चांगलं पाणी घेऊन. साहेब केवढे ओरडले!"

"साहेब गेले खड्ड्यात. पोहल्या का?"

"एक पोहली. बाकीच्या तळाशीच राहिल्या."

"एक पोहली ना?"

"एकच, वहिनी."

"डॉक्टर आले बघ. काय सांगायचं?"

"तुम्ही बसा. उद्यापर्यंत थांबा, असं मी सांगते त्यांना."