बॅटरीची सायकल आणि ह्यांचे गुडघे

गिरणीत कानावर आलं, "शेजारच्या खोलीतल्या त्या इंजिनियरनं बॅटरीची सायकल मुद्दाम जड केलीय, म्हंजी कुणी..." मला बघून बायका गप्प झाल्या. माझं डोकंच फिरलं. कालच आमचे हे त्या सायकलीवर घोटावड्याला गेले होते. वाटेत बॅटरी संपली आणि पायडल मारत घरी आले ते गुडघे धरूनच.

दळण तिथंच ठेवून मी आमच्या शेजारच्या त्या इंजिनियरचं दार वाजवलं. "काय रं, आमच्या ह्यांच्या गुडघ्यावर उठलायस व्हय?"

"काकू, मी जड नाही केली. चाकातल्या मोटारीत लोहचुंबक असतात. मोटार बंद असली तरी ते लोहचुंबक चाकाला धरून ठेवतात, मग चाक अडकत अडकत फिरतं."

"मग बॅटरी संपली कशी?"

तो खाली बघत म्हणाला, "काका रोज न विचारता नेतात. म्हणून परवा रात्री मी चार्जिंगला लावलीच नाही."