वय तेच ठेवू ना?

— नाही हो, ते स्थळ ठरलं. कालच ठरलं. ते कात्रण ठेवा खिशात, मला दाखवायची गरज नाही. जाहिरात मीच देतो ना ती, दर रविवारी, अकरा वर्षं — म्हणजे, अशा धर्तीची जाहिरात. सुस्वरूप, पदवीधर, वय चोवीस, अपेक्षा नाही. पाठ आहे मला. एक दिवस आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. पण तोंड पाडू नका, बसा — बसलेलेच आहात म्हणा. कला, चहा टाक गं! — ही आमची कला, मुलगी माझी, मंडळाचं सगळं लिखाण तीच बघते. तर एक स्थळ गेलं म्हणून काय झालं? आमच्या वधू-वर मंडळाच्या वहीत अशी साडेतीनशे आहेत. कल्याणपासून ठाण्यापर्यंतची. तुम्ही फक्त हा फॉर्म भरा. तीन महिने सभासदत्व फुकट. एक पैसा नाही. सही इथं करा.

मागं काय वाचताय? बारीक छपाई आहे ती, डोळे दुखतील. बरं, विचारताच आहात तर सांगतो, लपवण्यासारखं काही नाही — तीन महिन्यांच्या आत 'नको' असं लेखी कळवलं नाहीत, तर तुम्ही कायमचे सभासद. मग स्थळांची यादी व्ही.पी.नं घरी येते, पोस्टमनला पैसे द्यायचे, पाकीट सोडवून घ्यायचं. कळवत कोणी नाही. लग्नाच्या गडबडीत कोण पत्रं लिहीत बसतं? विठ्ठलवाडीचे एक देवराम म्हणून आहेत, त्यांनी मुलाचं नाव घातलं होतं. मुलगा वारला, कारखान्यात अपघात झाला. तसं पत्र आलं त्यांचं, नाही असं नाही, पण मुदत उलटल्यावर आलं — आता नियम म्हणजे नियम. यादी जात राहिली. तीन वर्षं. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, एकसुद्धा व्ही.पी. परत आली नाही. सोडवून घेतात. कला म्हणाली, बाबा, पाकिटावर मुलाचं नाव असतं ना, म्हणून घेतात ते. मी म्हटलं, बघ, म्हणजे माणसाला आधारच देतोय आपण. ती मात्र दोन दिवस धड जेवली नाही. आता हे सगळं मी तुम्हाला कशाला सांगत बसलोय?

तुम्ही बोलत नाही ना, म्हणून. दुसरे लोक 'ठरलं' म्हटलं की लगेच उठतात, नाहीतर भांडतात. तुम्ही आपले हाताखाली कात्रण धरून बसलात. कुठून आलात म्हणालात, दिव्याहून? पाण्याचे हाल तिथं. शाळेत शिकवता, बायको जाऊन चार वर्षं — म्हणजे बिजवर. वय चाळीस. आणि चोवीसची मुलगी बघायला आलात? रागावू नका, गंमत केली. आत काय बघताय? आत स्वयंपाकघर आहे.

ती मुलगी खरी आहे का, हेच ना तुमच्या मनात? आहे. शपथेवर सांगतो. पहिली जाहिरात तर शंभर टक्के खरी होती. त्र्याऐंशी साल. कलाची आई जाऊन वर्ष झालं होतं, कला चोवीसची, पतपेढीत नोकरीला. त्रेचाळीस पत्रं आली — त्रेचाळीस! एक बुटका, एकाचं कोपरला भाड्याचं घर, एकाला तीन बहिणी. मी म्हटलं थांबू जरा, याहून बरं येईल. तोवर दुसऱ्या मुलींचे बाप यायला लागले, तुम्हाला नको असलेली पत्रं आम्हाला द्या म्हणून. मंडळ आपोआप उभं राहिलं बघा. मी ठरवून काही केलं नाही. कलानं नोकरी सोडली — सोडायला लावली म्हणा. आणि एकदा मंडळ काढलं की पेपरात एक चांगलं स्थळ दर आठवड्याला दिसायला नको? माणूस दारात येणार कशाला? आला की 'ठरलं' म्हणायचं, फॉर्म पुढं करायचा. पहिल्यांदा मी तसं म्हणालो तेव्हा कला चहा घेऊन दारात उभी होती. तो माणूस गेल्यावर माझ्याजवळ आली, चेहरा कसा लाल झालेला, आणि हळूच विचारते — बाबा, कोणाशी? मला हसूच आलं. म्हटलं, अगं वेडे, धंद्यातलं बोलणं असतं हे.

हसायला नको होतं. ते मात्र चुकलं माझं.

जाहिरातीचा मजकूर तीच लिहिते, दर गुरुवारी. अक्षर फार सुंदर आहे तिचं. आधी आधी विचारायची, बाबा, वय तेच ठेवू ना? मी म्हणायचो, तेच. मग विचारायची बंद झाली, सवयीनं चोवीस लिहायची. पस्तिसावं लागलं तिला मार्गशीर्षात. परवा गुरुवारी मध्येच पुन्हा विचारलं — वय तेच ठेवू ना? मी वर न बघता म्हटलं, तेच. आणि तिला खरी मागणी घालणारी माणसं आली नव्हती असं नाही. आली होती. चांगली होती. पण कला गेली तर लिहिणार कोण, आणि मला दोन वेळचं — जाऊ द्या. बाप आहे मी, तिचं वाईट नाही चिंतलं कधी. विचारा तिला.

तुम्ही मान कशाला हलवताय? आणा ते कात्रण. आणा म्हणतो ना. आज पेपर आला नाही आमच्याकडे, कला म्हणाली पेपरवाल्यानं दांडी मारली. हा चष्मा… 'पदवीधर, रंग सावळा, वय पस्तीस. बिजवर चालेल. रविवारी पाच वाजता समक्ष भेटावे.' पत्ता… पत्ता आमचाच छापलाय. 'वडील स्थळ ठरले म्हणतील. तरी बसून राहावे.'

…

उठा. आज मंडळ बंद आहे. ठरलं म्हणून सांगितलं ना तुम्हाला? मी सांगतोय ना, बाप सांगतोय, ठरलं! — कला, तू आत जा. ही साडी कशाला नेसलीस? आईची आहे ती. आत जा आधी. चहा ठेव आणि जा. दोन कप, बरोबर, एक पाहुण्यांना, एक मला. अगं, बसतेस काय तिथं? कला. कला, तो कप माझा आहे.