मामाचा मान

गिट्टेल : …आणि डोळे? डोळ्यांतलं पांढरं नीट बघितलंस का?

लीपा : बघितलं, आई. पांढरं ते पांढरंच आहे. कावीळबिवीळ काही नाही. सुंता करणारे रेब अनशेल काल स्वतः येऊन बाळाला खिडकीशी उजेडात बघून गेले. असं ठणठणीत पोर बऱ्याच दिवसांत बघितलं नाही म्हणाले.

गिट्टेल : थू, थू, थू. असलं तोंडानं बोलू नये.

लीपा : मी नाही, ते बोलले. चल, कोट घाल. विहीणबाईंनी अर्ध्या अँटवर्पला पुरेल एवढी मासळी शिजवलीय. आज आठवा दिवस, सुंतेचा. मामाच उशिरा पोचला तर फ्राडल जन्मभर ऐकवेल मला.

गिट्टेल : मामा झालास तेव्हापासून पाय जमिनीवर नाहीत तुझे.

लीपा : का असावेत? एकुलती एक बहीण, तिचा पहिला मुलगा. कारखान्यात मालक म्हणाला, लीपा, हिऱ्याला पैलू पाडतोयस की पाळणा हलवतोयस? आणि आज बाळाला आत न्यायचा मान माझा. ऊशरला सख्खे भाऊ आहेत, तरी बायकोच्या भावाला दिला त्यानं. मोठ्या मनाचा आहे आपला जावई.

गिट्टेल : तू जा. मी येत नाही.

लीपा : म्हणजे काय?

गिट्टेल : गुडघा धरलाय. आणि ऐक, तिथं गेलास की रेब अनशेलना बाजूला घे आणि म्हण, बाळ पिवळं दिसतंय. पिवळ्या बाळाला सुरी लावत नाहीत. पुढं ढकलतील.

लीपा : धडधाकट पोराला मी कावीळ लावू? माझी सुंता ढकललीत तशी? अशक्त होतो म्हणे मी. ढकलता ढकलता एवढा घोडा झालो. चारचौघांबरोबर स्नानाला जायची चोरी, लग्नाचा विषय निघाला की काढता पाय. फ्राडललासुद्धा माहीत नाही. माझं झालं ते झालं, त्या बाळाच्या वाट्याला नको.

गिट्टेल : तू अशक्त नव्हतास.

लीपा : काय?

गिट्टेल : चांगला गुटगुटीत होतास. तुझ्या आधीचे दोघंही होते.

लीपा : मोटेल आणि हेनेख. ते तापानं गेले ना?

गिट्टेल : ताप नव्हता रे. मोटेलची सुंता झाली आणि रक्त थांबेना. मी आपली फडकी बदलत राहिले. दिवस मावळेपर्यंत पोर मेणासारखं झालं. लोक म्हणाले, सुंता करणाऱ्याचा हात चुकला. म्हणून हेनेखच्या वेळी लुब्लिनहून नावाजलेला माणूस आणवला. त्याचा हात काही चुकला नाही. तरी तेच.

लीपा : आई…

गिट्टेल : मग तू झालास. गावचे रब्बी म्हणाले, दोन गेले, आता तिसऱ्याला सुरी लावायची नाही. शास्त्रच आहे तसं. आईकडून येतं म्हणाले हे. मुलींना त्रास नाही, पण मुलींच्या मुलांना येऊ शकतं.

लीपा : म्हणजे फ्राडलच्या.

गिट्टेल : हो.

लीपा : आणि तिला तू बोलली नाहीस.

गिट्टेल : बोलले असते तर कुणी केली असती तिला? तिच्या सासरच्या झिल्बरफेल्डांनी तुझ्या मेलेल्या आत्याचं वेडसुद्धा उकरून काढलं होतं. रक्तातच मरण आहे म्हटल्यावर उंबऱ्यावर उभं केलं असतं का? म्हणून तर गाव सोडून इथं आले. देवाजवळ एकच मागत होते, तिला मुलगी होऊ दे. त्यानं ऐकलं नाही.

लीपा : पण माझा अंगठा चाकावर कितीदा सोलवटतो. रक्त लगेच थांबतं.

गिट्टेल : तू सुटलास. त्याचं कोण सांगणार? कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापल्यावर कळून उपयोग नाही.

लीपा : कोट घाल.

गिट्टेल : पिवळं आहे म्हण. माझ्यासाठी तेवढंच म्हण, लीपा.

लीपा : रेब अनशेलना काय डोळे नाहीत? मामा घाबरला म्हणून हसतील आणि सुरी काढतील.

गिट्टेल : खरं सांगितलंस तर माझ्या पोरीला घराबाहेर काढतील. मुलासकट परत पाठवतील.

लीपा : मुलासकट ना? मग पाठवू देत.

(झिल्बरफेल्डांच्या घरी. पाहुणे उभे आहेत. लीपानं नुकतंच फ्राडलच्या हातून बाळ घेतलं आहे.)

रेब अनशेल : या मामा, या. मंडळी ताटकळलीत. आणा त्याला इकडे.

लीपा : रेब अनशेल, जरा आतल्या खोलीत चला.

रेब अनशेल : आत्ता? अहो, पहिलटकर मामा असेच घाबरतात. द्या माझ्याकडे.

लीपा : देत नाही.

ऊशर : लीपा, चेष्टा पुरे. बाबा बघताहेत.

लीपा : बघू देत. ऊशर, माझ्या आईचे दोन मुलगे सुंतेनंतर रक्त वाहून गेले. ताप खोटा होता. आणि हे त्याच आईच्या मुलीचं बाळ आहे.

ऊशर : काय बोलतोयस तू? सासूबाई कुठे आहेत?

लीपा : खाली जिन्यात बसलीय. वर चढवत नाही तिला.

रेब अनशेल : हे बघ, लीपा, सुंता म्हणजे देवाशी केलेला करार, ऐकीव गोष्टीवर मी तो थांबवत नाही. दोन गेले असते तर कुठल्याही रब्बीनं तिसऱ्याची सुंता होऊ दिली नसती. आणि तिसरा तर तू, सुंता झालेला, माझ्यासमोर उभा आहेस.

लीपा : म्हणूनच म्हणतो, आत चला.

रेब अनशेल : म्हणजे… तुझी झालीच नाही?

लीपा : ऊशर, तूही ये. दार लावून घ्या. सांगून पटायचं नाही, बघावंच लागेल.

ऊशर : हे खरं निघालं तर फ्राडलचं काय होईल, कळतंय तुला? तुझं काय होईल?

लीपा : येताना सगळा रस्ताभर तेच कळत होतं.

ऊशर : मग बाळ तरी बाबांकडे दे.

लीपा : नाही. सुरी पेटीत जाईपर्यंत ते माझ्याकडेच राहील.